पगार थांबतो, त्याबरोबर घड्याळही

व्हिएन्नाजवळ मारिएनटाल नावाची गिरणी कामगारांची वसाहत आहे. १९२९-३० च्या मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. १९३१ च्या अखेरीस मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांना घेऊन तिथे पोहोचले. नुसतं निरीक्षण करत बसायचं नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी कपडे वाटले, डॉक्टरी तपासणीची सोय केली आणि हे करता करता घराघरांतली माहिती टिपली.

बेकार माणसाच्या हाती वेळच वेळ असतो, तेव्हा तो वाचेल, चर्चा करेल, चळवळीत उतरेल असं अनेकांना वाटत होतं. घडलं उलटंच. वाचनालयाची वर्गणी माफ केली, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चालसुद्धा मोजली. पुरुष पुन्हापुन्हा थांबत, रेंगाळत. बायका मात्र न थांबता पुढे जात, कारण स्वयंपाक, धुणं आणि मुलं यांतून त्यांना सुटी नव्हतीच. दिवसभर काय केलं, हे पुरुषांना लिहून द्यायला सांगितलं, तर कित्येकांना दोन-तीन गोष्टींपलीकडे काही आठवेना.

याचा अर्थ पैसा गौण होता असा मुळीच नाही. ज्या घरांनी उमेद टिकवली होती, तिथे महिन्याला माणशी सरासरी ३४ शिलिंग (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) येत होते. नुसता दिवस ढकलणाऱ्या घरांत ३०, हताश घरांत २५ आणि पूर्ण खचलेल्या घरांत १९. सरकारकडून मिळणारा बेकारीचा भत्ता घटत जाई तशी माणसं एकेक पायरी खाली उतरत होती. पण पोटापुरता भत्ता चालू असलेली घरंही सावरलेली नव्हती. याहोडांनी पुढे याची उकल केली. नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून साधायचा हेतू, समाजातलं स्थान आणि नियमित हालचाल.

पुण्यातल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षा देणारी मुलं पाहताना मला ही यादी आठवते. अभ्यासिका त्यांना वेळापत्रक, सोबती आणि उद्दिष्ट देते. वयोमर्यादा संपते, तेव्हा नोकरीच्या आशेसोबत हे सगळंही जातं. घरचे मात्र फक्त पगाराचं विचारतात.

शरीरही याची किंमत मोजतं. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात १९८० च्या दशकातल्या कामगारकपातीत वर्षानुवर्षांची नोकरी गेलेल्या पुरुषांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कपातीनंतरच्या लगतच्या काळात त्यांचा मृत्युदर ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्याच राज्यातल्या आणखी एका अभ्यासात अशा कामगारांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही सुमारे पाव हिश्शाने कमीच होती. हातचं कसब वापराविना मागे पडतं, आणि अर्जात मोठा खंड दिसला की मालक मुलाखतीलाच बोलवत नाहीत. म्हणून मंदी सरली, तरी तिने बाहेर फेकलेले सगळेच परत आत येत नाहीत. देशाची उत्पादनक्षमता कायमची थोडी आकसते.

एकाचा पगार ही दुसऱ्याची कमाई असते. गिरणगावाने हे अंगावर झेललं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही आणि हजारोंना पुन्हा साच्यावर उभं राहता आलं नाही. पाळीच्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, कोकणात आणि साताऱ्याकडे मनीऑर्डरची वाट पाहणारी घरं, या सगळ्यांची मिळकत त्या एका पगारावर उभी होती. यातल्या कोणाचीही नोकरी गेली, अशी नोंद कुठल्याही कारखान्यात होणार नव्हती.

मग भत्ता द्यावा की काम? माझ्या मते भत्ता हवाच, पण तेवढ्यावर थांबणं चूक आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. 'मागेल त्याला काम' हा तिथे हक्क झाला. पण ते काम बहुतेक खडी फोडण्याचं, माती उपसण्याचं. २०२० मध्ये मारिएनटाल ज्या गावात येतं, त्या ग्रामाटनॉइझीडलमध्येच वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी देण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे कोणाला काय येतं, काय जमेल हे विचारून कामं आखली गेली. दीर्घकालीन बेकारी गावातून जवळजवळ नाहीशी झाली. सहभागी झालेल्यांच्या दिवसाला आकार आला, लोकांत मिसळणं वाढलं. त्यांच्या शारीरिक आरोग्यात मात्र दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.