ईमेलवरील डिजिटल स्वाक्षरी : प्रमाणपत्राच्या अडचणी व निवारण

ईमेल नेमका कोणी पाठवला आणि वाटेत त्यात फेरफार झाला का, हे पडताळण्यासाठी त्यावर डिजिटल स्वाक्षरी करतात. तिचे प्रचलित मानक म्हणजे एस/माइम. त्याची सुरुवात १९९५ च्या सुमारास आरएसए डेटा सिक्युरिटी या कंपनीने केली, ४.० ही आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. स्वाक्षरीमागचे गणित सहसा दगा देत नाही. घोळ होतो तो प्रमाणपत्रातल्या, म्हणजे सही कोणाची हे सांगणाऱ्या डिजिटल दाखल्यातल्या, तपशिलांचा.

त्रुटी पाठवणाऱ्याकडे येते की वाचणाऱ्याकडे, हे आधी पाहावे. पाठवतानाच सही होत नसेल, तर खासगी किल्ली (जिने सही होते तो फक्त मालकाकडचा गुप्त संकेत) हाताशी आहे का ते तपासावे. सीईआर फाइलमध्ये नुसते प्रमाणपत्र असते, ती नसते. पी१२ किंवा पीएफएक्स फाइलमध्ये पासवर्डखाली असते, नाहीतर यूएसबी टोकनमध्ये. महाराष्ट्रातले व्यापारी आणि करसल्लागार जीएसटी, कंपनी नोंदणी किंवा ई-निविदांसाठी जे ‘डीएससी’ (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) टोकन वापरतात, त्याने ईमेलवर सही करायला गेले की आउटलुक हे मायक्रोसॉफ्टचे ईमेल सॉफ्टवेअर अनेकदा नकार देते : या पत्त्यासाठी वापरता येईल असे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्रात ईमेल पत्ता नसेल, दुसराच असेल, किंवा वापराच्या हेतूंमध्ये ईमेल-संरक्षण नसेल, तर असे होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) बदल करून आउटलुकची पत्ता-तपासणी बंद करता येते, पण ती मलमपट्टीच. वाचणाऱ्याला विसंगती दिसायची ती दिसतेच. योग्य पत्त्याचे नवे प्रमाणपत्र घेणे हाच खरा इलाज. थंडरबर्ड हे मोझिलाचे ईमेल सॉफ्टवेअर स्वतःचा प्रमाणपत्र-साठा सांभाळते, म्हणून तिथे पी१२ फाइल वेगळी आयात करावी लागू शकते. शिवाय प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये सहीचे प्रमाणपत्र निवडावे लागते.

वाचणाऱ्याकडे ‘अविश्वसनीय’ असा शेरा आला, तर विश्वासाची साखळी पाहावी : पाठवणाऱ्याच्या प्रमाणपत्राला मधल्या प्रमाणपत्राची हमी असते आणि मधल्याला मूळ प्रमाणपत्राची. मधले प्रमाणपत्र संदेशासोबत गेले नसेल किंवा मूळ प्रमाणपत्र वाचणाऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या विश्वासार्ह यादीत नसेल, तर साखळी तुटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालील भारतीय मूळ प्रमाणपत्राचेच पाहा. २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावाने गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, तेव्हा ते मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, मोझिलाच्या नव्हते. त्यामुळे एकच प्रमाणपत्र एका प्रोग्रामात चालते आणि शेजारच्या प्रोग्रामात अडते.

‘संदेश बदलला आहे’ हा शेरा मात्र वेगळा. त्यात प्रमाणपत्राला उगाच दोष दिला जातो. बहुधा कंपनीच्या सर्व्हरने तळाशी जोडलेली कायदेशीर सूचना किंवा मेलिंग लिस्टची तळटीप त्याला कारणीभूत असते. सही झालेले संदेश अशा जोडणीतून वगळायला सर्व्हर-व्यवस्थापकाला सांगावे.

मुदत संपल्याचा शेरा आल्यास आधी संगणकाचे घड्याळ तपासावे. नवे प्रमाणपत्र आल्यावर जुने लगेच पुसू नये : त्या जुन्या प्रमाणपत्राच्या किल्लीसाठी कूटबद्ध केलेली, म्हणजे तिच्याविना वाचता न येणारी, जुनी पत्रे मग उघडत नाहीत.