डाव्या कोपराला उजव्या मनगटाची उसनवारी

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर टॉमी जॉन नावाचा बेसबॉलचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, माँट्रियलच्या संघाविरुद्ध खेळत होता. वय ३१, त्या मोसमात त्याच्या नावावर १३ विजय आणि अवघे ३ पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याची हारजीत पिचरच्या नावावर मांडतात). एक चेंडू टाकताना कोपरात काहीतरी सुटलं. खात्री करायला त्यानं आणखी एक टाकला आणि स्वतःच मैदानाबाहेर चालू लागला. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं होतं. तोवर अशा पिचरचा हात 'मेला' म्हणत आणि तो घरी बसे.

दंडाचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड यांना बांधून ठेवणारी ही बारकीशी पट्टी. पिचर हात मागे नेऊन पुढे झटकतो, तेव्हा खांदा क्षणभर सेकंदाला सुमारे ७,००० अंश वेगानं फिरतो, म्हणजे सेकंदाला १९ फेऱ्या. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूनं उघडू पाहतं. तो पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. कोपर एका जागी धरून तळहाताला वीसेक किलोचं पोतं आडवं ओढायला लावावं, तसा. आणि प्रयोगशाळेत मृतदेहांतलं हे लिगामेंट साधारण त्याच्या निम्म्या पिळालाच तुटतं! मग ते दर चेंडूला का तुटत नाही? भोवतालचे स्नायू भार वाटून घेतात. स्नायू थकले की हिशेब बिघडतो.

आपल्या क्रिकेटच्या गोलंदाजाला हे दुखणं सहसा होत नाही. त्याला कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करायची मुभाच नाही, त्यामुळे हात चाबकासारखा सुटत नाही. त्याची किंमत पाठ मोजते, हे बुमराहच्या चाहत्यांना वेगळं सांगायला नको.

टॉमीच्या संघाचे, डॉजर्सचे, डॉक्टर फ्रँक जोब यांनी पोलिओच्या रुग्णांमध्ये एका जागचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुसरीकडे बसवलेलं पाहिलं होतं. २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी टॉमीच्या उजव्या हातातलं टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ते ओवलं. पुन्हा पिचिंग करता येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

हे टेंडन तुम्हालाही दिसेल. अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध जी दोरी ताणून वर येते, ती. काहींच्या हातात ती जन्मतःच नसते आणि त्यांना पत्ताही नसतो. इतकी ती बिनकामाची. म्हणूनच उसनी घेता येते.

नव्या जागी ती लगेच लिगामेंट होत नाही. तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, तंतूंची मांडणी बदलते. त्याला वर्षभर तरी लागतं. टॉमीची तर मज्जातंतूही दुखावली, बोटं आखडली आणि डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५चा अख्खा मोसम गेला. एप्रिल १९७६मध्ये तो परतला.

दुखापतीआधी १२४ विजय, नंतर १६४. एकूण २८८. तीन मोसमांत तर त्यानं वीस किंवा त्याहून जास्त सामने जिंकले. आता 'टॉमी जॉन' हे शस्त्रक्रियेचंच नाव झालं आहे आणि मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेच्या सुमारे एक तृतीयांश पिचरांच्या कोपरात अशी उसनवारी आहे. जपानी तारा शोहेई ओहतानीचं कोपर तर दोनदा उघडावं लागलं.

मला मात्र यातलं वेगळंच काही खटकतं. टॉमी वेगवान पिचर कधीच नव्हता. त्याचा सिंकर नावाचा चेंडू बॅटरजवळ येता येता खाली बसे, चेंडू जमिनीवरून घरंगळे आणि क्षेत्ररक्षक पुढचं बघत. आज वेगवान चेंडूची सरासरीच ताशी १५० किलोमीटरच्या वर गेली आहे. व्यायामानं स्नायू कमावता येतात, लिगामेंट त्या मानानं फारसं नाही. तरीही काही पालक धडधाकट मुलाची शस्त्रक्रिया करून द्या म्हणतात, वेग वाढेल म्हणून! वेग वाढलाच तर तो वर्षभराच्या विश्रांतीचा आणि व्यायामाचा, टेंडनचा नव्हे.

टॉमी १९८९मध्ये, ४६व्या वर्षी थांबला. कोपर शाबूत होतं. झालं असं, की मार्क मॅग्वायर नावाच्या तरुण बॅटरनं त्याच्या चेंडूंवर दोन फटके मारले आणि मार्कचे वडील टॉमीचे दातांचे डॉक्टर होते. आपल्या डेंटिस्टचा पोरगा आपल्याला ठोकायला लागला की निवृत्त व्हायची वेळ झाली, असं टॉमी म्हणे.