रिसीव्हरवरच्या बटणांची कुळकथा

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांचे माळे रिकामे करायला घेतले की तांब्याच्या घंगाळाच्या मागून हल्ली एखादा जडशीळ स्टिरिओ रिसीव्हर निघतो. पुढे घासलेल्या ॲल्युमिनियमची पट्टी, लांबलचक काचेखाली स्टेशनांचे आकडे, आणि बटणं मोजावीत तितकी. कुणाच्या काकांनी आखातातून आणलेला असतो, कुणाच्या आत्यानं अमेरिकेतून पाठवलेला. घरातली नवी पिढी त्याला मोबाइल जोडते, आवाज येतो, सगळे खूश होतात. पण निम्म्या बटणांना कुणी हात लावत नाही, आणि लावला तर आवाजच बंद होतो. त्यातलं एकही बटण शोभेसाठी बसवलेलं नाही. प्रत्येकामागं कुठल्यातरी काळातली खरी अडचण आहे. ती अडचण कळली की बटण कधी दाबायचं हे वेगळं शिकावं लागत नाही.

आधी रिसीव्हर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडं त्याला सरसकट ‘डेक’ किंवा ‘ॲम्प्लिफायर’ म्हणतात, पण त्यात तीन यंत्रं एका पेटीत बसवलेली असतात: स्टेशन पकडणारा ट्यूनर, कुठला आवाज घ्यायचा आणि त्याचा पोत कसा ठेवायचा हे ठरवणारा प्रीॲम्प्लिफायर, आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा पॉवर ॲम्प्लिफायर. 1950च्या दशकात अमेरिकेतले हौशी लोक ही तीन यंत्रं वेगवेगळी विकत घेऊन वायरींनी जोडत. हरमन-कार्डननं 1954 मध्ये ती एकत्र करून घरगुती पेटी बाजारात आणली आणि 1958 मध्ये तिचा स्टिरिओ अवतार काढला. तेव्हा आत व्हॉल्व्ह, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्या, होते. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले, पेटी थंड राहू लागली आणि ताकद झपाट्यानं वाढली.

त्या काळात सांगलीत काय होतं? लायसन्सचा रेडिओ. पोस्टात वर्षाची फी भरायची, पुस्तकावर शिक्का घ्यायचा, मग रेडिओ ऐकायचा. ही पद्धत 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर सिलोन, 1957 पासून विविध भारती, आणि 1963 पासून सांगलीचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र. 1251 किलोहर्ट्झ, मध्यम लहरी. शेतीचे सल्ले, भावगीतं, कीर्तन, बातम्या. कृष्णाकाठच्या कित्येक गावांत दिवसाची वेळ या केंद्रावर लावली जायची.

मध्यम लहरींची एक मर्यादा मात्र इथल्या माणसाला जास्त खुपायला हवी. 1978 पासून आपल्या भागात या पट्ट्यावरची स्टेशनं एकमेकांपासून 9 किलोहर्ट्झ अंतरावर बसवलेली आहेत. शेजारचं स्टेशन आत घुसू नये म्हणून बहुतेक रेडिओ साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) वरचा आवाज कापूनच टाकतात. बोलणं कळायला तेवढं पुरतं. पण मिरजेचा तंबोरा घ्या. त्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात; तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला घासत कंप पावते आणि मूळ स्वराच्या वर एकामागून एक उपस्वर उमलत जातात. हीच जवारी. कारागीर दोरा केसभर पुढेमागे करून ती लावत बसतो, आणि लागली की खोली भरून जाते. या उपस्वरांतला वरचा मोठा हिस्सा चार-पाच हजारांच्या पलीकडं असतो. म्हणजे ज्या गावात देशभरच्या गवयांचे तंबोरे बनतात, त्या गावाला रेडिओवर स्वतःचा तंबोरा अर्धाच ऐकू येत होता. रिसीव्हरच्या इतिहासात मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट ही वाटते.

यावरचा उपाय एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याच्या नावावर 1933 मध्येच पेटंट झाला होता: एफएम. यात पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि विजेच्या कडकडाटाची खरखर जवळजवळ येत नाही. भारतात एफएम 1977 मध्ये मद्रासला सुरू झालं, खासगी स्टेशनं 2001 मध्ये बंगळूरपासून. आखातातून रिसीव्हर यायचे ते मुख्यतः 1977 ते 2001 या मधल्या काळात. त्यामुळं आपल्याकडं आलेल्या पेट्यांची एफएमची काच बरीच वर्षं नुसती उजळायची, ऐकायचं ते सगळं मध्यम लहरींवर. आता सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आकाशवाणीचं आणि खासगी एफएम दोन्ही आहे, तर जुन्या रिसीव्हरच्या मागं ‘एफएम अँटेना’ लिहिलेल्या दोन स्क्रूंना इंग्रजी टी आकाराची वायरीची अँटेना जोडाच. ती नसेल तर चांगला ट्यूनरसुद्धा आंधळा.

स्टिरिओची, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज देण्याची, कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लमलाइननं डिसेंबर 1931 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायचे, असं त्यात होतं. जग मात्र तयार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात रडारची चाचणी करताना 1942 मध्ये विमान कोसळून तो गेला, आणि त्याच्याच तत्त्वावरच्या स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या 1957-58 मध्ये.

रेडिओवर स्टिरिओ पाठवायचं तर पेच होता. लाखो घरांत एकच आवाज वाजवणारे साधे मोनो सेट होते, ते बंद पडून चालणार नव्हते. अमेरिकेनं 1961 मध्ये मान्य केलेली पद्धत मोठी हुशारीची आहे. डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज नेहमीच्या जागी पाठवायची. साधा सेट तेवढीच ऐकतो, त्याला काही कमी पडत नाही. दोहोंची वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या आसपास वर चढवून पाठवायची आणि सोबत 19 किलोहर्ट्झची एक बारीक खूण. रिसीव्हरला ती खूण सापडली की तो बेरीज-वजाबाकी पुन्हा जुळवून दोन आवाज वेगळे काढतो आणि ‘स्टिरिओ’चा लाल दिवा लावतो. पण वर चढवलेल्या भागात खरखर फार. स्टेशन लांबचं असेल तर स्टिरिओमध्ये फसफस ऐकू येते, मोनो केलं की ती एकदम विरते. ‘मोनो’ बटणाचं पहिलं काम हे. डोंगराआडून येणारं स्टेशन दिवा लावण्याच्या हट्टानं फसफशीत ऐकण्यापेक्षा मोनोत स्वच्छ ऐकावं.

अमेरिकेतून आलेल्या पेट्यांबद्दल इथंच सांगतो, कारण त्यात पेट्या जळतात. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230ची. प्लगला अडॅप्टर लावून सरळ भिंतीत घातलात तर ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज गेलाच समजा. मागं व्होल्टेज बदलायचा खटका आहे का पाहा. नसेल तर 230चे 120 व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तोही रिसीव्हर ओढतो त्यापेक्षा जास्त वॉटचा. आकडे दिव्यांत दाखवणाऱ्या अमेरिकन ट्यूनरमध्ये दुसरी गंमत असते: तिकडची मध्यम लहरींची स्टेशनं 10 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर आहेत, त्यामुळं आकडा 1250 वरून थेट 1260 वर उडी मारतो आणि सांगलीचं 1251 नीट सापडत नाही. काहींच्या मागं 9 आणि 10 असा खटका असतो, तो 9 वर करायचा. शिवाय एफएमवर वरच्या आवाजांची भर देऊन नंतर उतरवण्याचं प्रमाणही तिकडं वेगळं, म्हणून तिथला सेट इथं किंचित दबलेला वाजतो. ट्रेबल अर्धा घर वाढवला की जमतं.

आता पुढची बटणं. बेस आणि ट्रेबल आज ज्या रूपात सापडतात ते पीटर बॅक्झॅन्डल या इंग्रज अभियंत्यानं 1952 मध्ये मासिकात छापलेल्या सर्किटच्या आकृतीतून आलं. त्यानं त्या आकृतीतून फारसं काही कमावलं नाही, आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती ॲम्प्लिफायरनं ती वापरली. मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि खोलीनुसार थोडंच हलवा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत ट्रेबल आधीच जास्त वाटतो, गाद्या-पडद्यांच्या खोलीत कमी.

‘लाउडनेस’ हे सगळ्यात गैरसमजाचं बटण. नावामुळं लोक ते आवाज मोठा करायला दाबतात. खरं कारण कानात आहे. 1933 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खर्जातले सूर फारच कमी ऐकू येतात. रात्री घरची माणसं झोपल्यावर हळू आवाजात गाणं लावलं की तबल्याचा डग्गा हरवतो, तो हा प्रकार. तेवढी खर्जाची भर हे बटण घालतं. म्हणजे ते हळू आवाजाचं बटण आहे. लग्नाच्या मांडवात व्हॉल्यूम पुरा, बेस पुरा आणि वर लाउडनेस दाबला की आवाज फाटतो आणि काही वेळानं स्पीकरचा पडदाही.

‘टेप मॉनिटर’नं किती चांगले रिसीव्हर भंगारात घालवले असतील कोण जाणे. घरी रेकॉर्डिंग आधी मोठ्या रिळांच्या टेपवर होई, फिलिप्सनं 1963 मध्ये कॅसेट आणल्यावर ते घरोघरी पोचलं; भरताना टेपवर खरंच काय उतरतंय हे ऐकायची सोय हवी होती. म्हणून आवाज पेटीबाहेर टेप डेककडं (रेकॉर्डिंगच्या यंत्राकडं) जातो आणि तिथून फिरून परत आत येतो, असा हा वळसा. डेक जोडलेला नसताना बटण आत राहिलं तर वळसा तुटलेला, आवाज शून्य. ‘रिसीव्हर बंद पडलाय’ म्हणून दुकानात नेण्यापूर्वी हे बटण बाहेर आहे का पाहा. आणि डेक नसेल तर त्याच जागी मोबाइल, सीडी किंवा ब्लूटूथची डबी बिनघोर जोडता येते.

रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या ‘फोनो’च्या भोकांत मात्र ती कधीच जोडू नयेत. रेकॉर्डची सुई काही मिलिव्होल्टच देते, आणि खाचा मावाव्यात म्हणून रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त भरलेले असतात. फोनोच्या मागचं सर्किट याच्या नेमकं उलट करतं: खर्जाला प्रचंड भर, वरच्याला कात्री. ही मोजमापं 1954 च्या सुमारास अमेरिकेत ठरली आणि हळूहळू सगळ्या कंपन्यांनी स्वीकारली. मोबाइल तिथं जोडला की घुमलेला, फाटका आवाज येतो. फोनो बिघडलेला नसतो.

वॉटच्या आकड्यांचं थोडं. सत्तरच्या दशकात जपानी आणि अमेरिकन कंपन्यांत ताकदीची चढाओढ लागली. पायोनियरचा 1978 चा एसएक्स-1980 दर बाजूला 270 वॉट द्यायचा. अमेरिकेनं 1974 मध्येच सतत टिकणारी ताकद कशी मोजायची याचा नियम केला होता, म्हणून त्या काळातल्या पेटीवरचे 40 वॉट खरेच 40 असतात. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात आलेल्या टू-इन-वनवर ‘1000 वॉट पीएमपीओ’ छापलेलं असे. तो क्षणभराच्या झटक्याचा कागदी आकडा; त्याची 40 शी तुलना करूच नये. त्यापेक्षा स्पीकरचे ओहम, म्हणजे तो विजेला किती अडथळा करतो ते, पाहा. 8 ओहमचे दोन जोड ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही दाबून लावले की रिसीव्हरला ते 4 ओहमसारखे वाटतात आणि तो तापतो. लाल वायर लालला, काळी काळीला. एका बाजूची उलटी लागली तर दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि खर्ज गायब होतो.

आपल्याकडं या पेट्यांचा खरा शत्रू पाणी. ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या कित्येक घरांचे दिवाणखाने बुडाले. पुरात सापडलेली पेटी ‘चालते का बघू’ म्हणून लगेच लावू नये. आतला गाळ वाळला तरी वीज वाहून नेतो. उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून मग जाणत्या माणसाच्या हातून सुरू करावी. नुसत्या माळ्यावरच्या असतील तर बटणं फिरवताना चरचर होते ती आतल्या धुळीची, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते.

राहिलं मोनो बटणाचं दुसरं काम. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही या भागात जपलेल्या आहेत. ते 1937 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं सगळं मुद्रण 78च्या (मिनिटाला सुमारे 78 फेऱ्यांच्या), मोनो रेकॉर्डींवरचं. त्या काळच्या खाचेत सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओ सुई उभ्या हालचालीही टिपते, आणि जुन्या रेकॉर्डवर त्या म्हणजे निव्वळ धूळ आणि झीज. मोनो दाबलं की दोन्ही बाजू मिळतात आणि ही उभी खरखर एकमेकींना खाऊन टाकते. 78 साठी जाड टोकाची वेगळी सुई लागते, एलपीची चालत नाही. आणि 1954 च्या आधीच्या या मुद्रिका वेगळ्या प्रमाणानं कापलेल्या, म्हणून फोनोवर त्यांचा आवाज जरा दबतो. तेव्हा ट्रेबल कानाला पटेल इतका वर घ्यावा आणि लाउडनेस बंद ठेवावा.