डीएए फायनल इयरला कसं गेलं: थोडी पार्श्वभूमी

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या फायनल इयरवाल्यांचं एकच रडगाणं सुरू होतं, कंपनीने ऑनलाइन टेस्टला डायनॅमिक प्रोग्रामिंग (मोठा प्रश्न लहान तुकड्यांत सोडवून त्यांची उत्तरं साठवत जायची पद्धत) टाकलं आणि कॉलेजात तर ते अजून शिकवलेलंच नाही. सीनियर म्हणतात कॉलेजच्या भरवशावर राहायला सांगितलं कोणी, सर म्हणतात सिलॅबस काय आम्ही ठरवतो का, आणि दोघांचंही बरोबरच आहे. पण हा घोळ, म्हणजे ज्यात डायनॅमिक प्रोग्रामिंग येतं तो डीएए हा अल्गोरिदमचा विषय फायनल इयरला गेला कसा, हे फार कुणी सांगत नाही, म्हणून ही सगळी पार्श्वभूमी. स्टॅक म्हणजे काय नि ट्री म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही, वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते जर्नलमध्ये हाताने लिहून काढलेलं असणारच.

एकदम जुनं थोडक्यात उरकतो. अमेरिकेत १९६८ ला कॉम्प्युटर सायन्सचा जो आदर्श अभ्यासक्रम निघाला त्यात डेटा स्ट्रक्चर्स (माहिती कशी रचून ठेवायची ते) हा वेगळा कोर्स होता, आणि १९७८ च्या सुधारित आराखड्यात तर डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचं अ‍ॅनालिसिस हे दोन्ही एकाच कोर्सच्या नावात होतं. म्हणजे या दोन गोष्टी जोडीने शिकवायच्या हे तेव्हाच ठरलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आपल्याकडे १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं निघायला लागली, हळूहळू कॉम्प्युटरच्या ब्रँचेस वाढल्या, पास्कल आलं, गेलं, मग सी आलं आणि सी जे बसलं ते बसलंच. त्याच्यासोबत सीचे प्रोग्राम लिहून चालवायचा तो निळ्या स्क्रीनचा टर्बो. जगाने टर्बो सोडून दिला तरी आपल्या लॅबमध्ये तो कितीतरी वर्षं होता आणि ओरलला एक्स्टर्नल विचारायचे, इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) किती बाइटचा, तर उत्तर दोन. घरी जीसीसी कंपायलरवर चार यायचे पण ओरलला दोनच सांगायचं, नाहीतर मार्क गेले.

त्या काळात डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर आणि नोकरी यांचा फारसा संबंध नव्हता. घाऊक भरती करणाऱ्या कंपन्या अ‍ॅप्टिट्यूड घ्यायच्या, सीचे चार आउटपुट ओळखायला द्यायच्या, मग एचआर, झालं. त्यामुळे अल्गोरिदम कुठल्या वर्षाला आहे याची कुणाला पडलेली नव्हती. पुण्याच्या विद्यापीठाच्या २०१२ च्या पॅटर्नमध्ये, म्हणजे त्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमात, डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स म्हणजे आपलं डीएए बीईला (शेवटच्या वर्षाला), सातव्या सेमिस्टरला होतं आणि त्यावरून कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

बदल बाहेरून झाला. २००९ ला मुंबईतल्याच एका कंपनीने कोडिंगच्या स्पर्धांची साइट कोडशेफ सुरू केलं, मग बाकीच्या प्रॅक्टिस साइट्स आल्या, प्रॉडक्ट कंपन्यांनी कॅम्पसला येऊन पहिल्याच राउंडला कोडिंग टेस्ट ठेवायला सुरुवात केली आणि बघता बघता घाऊक भरतीवाल्यांनीही जास्त पॅकेजच्या पोस्टसाठी तेच सुरू केलं. आता अचानक अल्गोरिदम कधी शिकवतात याला पैशात किंमत आली.

२०१५ चा पॅटर्न आला तेव्हा डीएए टीईच्या (तिसऱ्या वर्षाच्या) दुसऱ्या सेमिस्टरला आणलं गेलं. हे फार चांगलं झालं होतं. एसईला (दुसऱ्या वर्षाला) पहिल्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स, दुसऱ्याला अ‍ॅडव्हान्स्ड डेटा स्ट्रक्चर्स, मग एक सेमिस्टर सोडून डीएए, आणि उन्हाळा संपला की प्लेसमेंट. ठरवून केलं असो की योगायोगाने, क्रम जमून आला होता. आणि मग चारच वर्षांत २०१९ च्या पॅटर्नमध्ये तो विषय उचलून परत बीईला, सातव्या सेमिस्टरला नेऊन ठेवला.

का? याचं उत्तर टीईच्या टाइमटेबलमध्ये आहे. २०१५ मध्ये एआय आणि रोबोटिक्स बीईला होतं, डेटा अ‍ॅनालिटिक्स बीईला होतं. २०१९ मध्ये टीईचं सहावं सेमिस्टर बघा, डेटा सायन्स अँड बिग डेटा, वेब टेक्नॉलॉजी, एआय, एक इलेक्टिव्ह आणि वर इंटर्नशिप. म्हणजे एआय खाली आलं आणि डीएए वर गेलं, सरळसरळ अदलाबदल. ज्यांना हा निर्णय पटतो त्यांचं म्हणणं असं की इंटर्नशिपला जाणाऱ्या पोराला एआय नि डेटा सायन्स आलं पाहिजे, इंडस्ट्रीला तेच हवंय, आणि अल्गोरिदमचं काय, ते काही पूर्ण काढलेलं नाही, एसईच्या फंडामेंटल्स ऑफ डेटा स्ट्रक्चर्सच्या पहिल्याच युनिटला बिग ओ, ओमेगा, थीटा (अल्गोरिदमला लागणारा वेळ मोजायच्या खुणा) सगळं आहे, डिव्हाइड अँड कॉन्कर आणि ग्रीडी या पद्धतींची तोंडओळख पण आहे. शिवाय पुढे अमॉर्टाइज्ड अ‍ॅनालिसिस, मल्टिथ्रेडेड अल्गोरिदम वगैरे टीईच्या पोरांना झेपत नाही, ते बीईलाच बरं.

यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, बाकीचे नाहीत. कारण पेपरचं गणित बघा. इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ३० मार्कांची, पहिल्या दोन युनिटवर. एंडसेम ७० ची, तीन ते सहा. डीएएचं पहिलं दुसरं युनिट म्हणजे अल्गोरिदम म्हणजे काय, प्रूफ कसं करायचं, पी आणि एनपी (प्रश्न किती अवघड याचे वर्ग). ग्रीडी आणि डायनॅमिक प्रोग्रामिंग तिसऱ्या युनिटला. म्हणजे इनसेम झाल्यावर. तोपर्यंत चांगल्या कंपन्या येऊन मुलं घेऊन गेलेल्या असतात. आणि गंमत म्हणजे त्याच सेमिस्टरच्या लॅबमध्ये, जी डीएए, मशीन लर्निंग आणि ब्लॉकचेन अशी तिघांची मिळून एक लॅब आहे, तिथे पहिली असाइनमेंट काय, तर फिबोनाची, रिकर्सिव्ह आणि नॉन रिकर्सिव्ह, आणि त्याची कॉम्प्लेक्सिटी (लागणारा वेळ) सांगा. बीईला फिबोनाची! शेजारच्या पीसीवर ब्लॉकचेनचं प्रॅक्टिकल चालू आहे आणि इकडे फिबोनाची.

त्याहून गमतीचं २०१९ च्या पॅटर्नमध्ये एसईच्या चौथ्या सेमिस्टरला होतं. तिथे ऑप्टिमल बायनरी सर्च ट्री शिकवायचे, ओबीएसटी. ते डायनॅमिक प्रोग्रामिंगच आहे, टेबल भरायचं, लहान रेंजची कॉस्ट आधी काढायची, मग मोठी. पोरं ते टेबल बिनचूक भरायची, पूर्ण मार्क घ्यायची, पण हे टेबल असं का भरायचं ते कळायला दीड वर्ष थांबायचं, कारण तो विषय बीईला. मुंबईच्या विद्यापीठात तेव्हाही तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स आणि लगेच चौथ्याला अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स, दोन्ही एसईलाच उरकायचे. तिथल्या मुलांना फार कळतं असं मी म्हणत नाही, घाई तिथेही होतीच, पण निदान क्रम सरळ होता. आणि गेटचं (एमटेकच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचं) बघा, २०२१ पासून तिसऱ्या वर्षाची मुलंही गेट देऊ शकतात, म्हणजे पुण्याचा मुलगा टीईला गेटला बसला तर अल्गोरिदमच्या प्रश्नांसाठी त्याने कॉलेजकडे बघायचंच नाही.

लँग्वेजचा वाद वेगळाच, पण तो याच पॅटर्नमधला म्हणून सांगतो. २०१९ मध्ये एफईला (पहिल्या वर्षाला) प्रोग्रामिंग पायथनमध्ये आलं. उत्तम. पण एसईला गेल्यावर लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोंदींची यादी) पायथनमध्ये शिकवायची की सी प्लस प्लसमध्ये? काढलेला तोडगा असा की लॅबच्या सुरुवातीच्या असाइनमेंट पायथनमध्ये आणि लिंक्ड लिस्टपासून पुढे सी प्लस प्लस. पहिल्या ग्रुपमधली ती क्रिकेट, बॅडमिंटन आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची असाइनमेंट आठवत असेल, दोन्ही खेळणारे किती, एकही न खेळणारे किती, आणि खाली टीप, सेटची बिल्ट इन फंक्शन्स वापरायची नाहीत. वापरू नका म्हणणं बरोबरच आहे कारण मग सगळं दोन ओळींत संपतं, पण मग पायथन कशाला घेतलं असं पोरं विचारतात आणि त्याला नीट उत्तर नाही. पुढे क्लबच्या मेंबर्सची लिंक्ड लिस्ट आली की पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारं व्हेरिएबल). एफईला पॉइंटर नाही, आणि ज्या विषयात सी प्लस प्लस शिकवतात तो ऑब्जेक्ट ओरिएंटेडचा विषय त्याच सेमिस्टरला, बरोबरीने चालू. इकडे नोड डिलीट करायचाय आणि तिकडे अजून क्लास म्हणजे काय चाललंय.

यात डिप्लोमावाले सुटले. त्यांच्याकडे डिप्लोमाला डेटा स्ट्रक्चर सीमध्येच असतं, डायरेक्ट सेकंड इयरला येतात तेव्हा पॉइंटर हातात बसलेला असतो, पायथन तेवढं येत नसतं, ते आठवड्यात होतं. लिंक्ड लिस्टच्या लॅबला अख्खी बॅच डिप्लोमावाल्यांच्या मशीनभोवती उभी असते हे दृश्य मी कितीतरी वेळा बघितलंय.

आणि या सगळ्याची पहिली बॅच कुठली, तर २०१९-२० ला एफईला आलेली. तिचं एसई २०२०-२१ म्हणजे घरून. पॉइंटर ऑनलाइन, कॅमेरे बंद, असाइनमेंट ग्रुपवर फिरलेली एकच फाइल. त्याच वर्षात अल्गोरिदमचं शिक्षण कॉलेजमधून जे यूट्यूबवर गेलं ते परत आलं नाही. प्रॉब्लेम्सची कुठलीतरी शीट घ्यायची, रोज दोन प्रॉब्लेम, दादा लोकांचे व्हिडिओ, बहुतेक हिंदीत. सर लोकांनाही हे माहीत असतं, काही जण वर्गात स्वतःच सांगतात की हा भाग तिकडे बघून या. त्यांनाही दोष देता येत नाही, सहा युनिट संपवायचे, टर्मवर्क तपासायचं, आणि इनसेमला स्पार्स मॅट्रिक्सचा फास्ट ट्रान्सपोज तर येणारच, तो सोडून मेमॉयझेशन (एकदा काढलेली उत्तरं साठवून परत वापरणं) शिकवत बसले तर पोरंच तक्रार करतील. ही बॅच डीएएला पोहोचली २०२२-२३ ला आणि नेमकी त्याच वर्षी आयटीची भरती थंडावली. सिलॅबसचा आणि मंदीचा संबंध नाही हे कळतं, पण त्या पोरांना सांगून बघा.

मधल्या काळात पुण्यातली बरीच मोठी कॉलेजं ऑटोनॉमस (आपला अभ्यासक्रम आपणच ठरवणारी) झाली, त्यांनी आपापला क्रम लावला, त्यामुळे एकाच शहरात आता अल्गोरिदम कुणाला एसईला, कुणाला टीईला, कुणाला बीईला असा प्रकार आहे. विद्यापीठाचा २०२४ चा पॅटर्न नव्या शैक्षणिक धोरणाच्या धर्तीवर एफईपासून लागू झाला, पण तो एकेक वर्ष वर सरकत जाणार, त्यामुळे २०२३ ला आत आलेली बॅच जुन्याच पॅटर्नने २०२६-२७ ला बीई करणार. त्यांनी डायनॅमिक प्रोग्रामिंग टीईच्या सुट्टीतच उरकून घ्यावं, कारण त्यांचं तिसरं युनिट इनसेम झाल्यावरच सुरू होणार आहे.