तुर्क म्हणजे नेमके कोण?

मराठी वर्तमानपत्रात ‘तुर्कस्तान’ छापून येतं तेव्हा बातमी इस्तंबूल-अंकाराची असते. मध्य आशियात, उझबेकिस्तानातल्या ताश्कंदच्या माणसाला मात्र हे नाव स्वतःच्या मुलखाचं वाटेल. घोळ जुना आहे, आणि एकट्या मराठीचा नाही.

‘तुर्क’ हे नाव खुद्द त्या लोकांच्या लिपीत दिसतं ते मंगोलियात, ओर्खोन खोऱ्यातल्या आठव्या शतकातल्या शिलालेखांत. 1893 मध्ये विल्हेल्म थॉमसन या डेन्मार्कच्या पंडिताने ती लिपी उलगडली. चिनी बखरींत हेच लोक ‘तूज्वे’. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या ग्रीकांनी तर मग्यार, म्हणजे हंगेरियन लोकांनाही तुर्कच म्हटलं. हंगेरीच्या राजमुकुटाच्या खालच्या पट्टीवर गेझा राजाला ‘तुर्किया’चा राजा म्हटलेलं आजही वाचता येतं.

आपल्याकडे संस्कृतात शब्द झाला ‘तुरुष्क’. बाराव्या शतकात कल्हणाने ‘राजतरंगिणी’त कनिष्कालाही तुरुष्क वंशाचा ठरवून टाकलं. आता कनिष्क होता कुषाण, तुर्कांच्या कित्येक शतकं आधीचा. ओर्खोनच्या शिळा त्याच्यानंतर सहाएकशे वर्षांनी उभ्या राहिल्या. वायव्येकडून आला तो तुरुष्क, एवढाच हिशेब. अमरकोशात तर तुरुष्क हे शिलारसाचं, म्हणजे धुपाच्या सुगंधी राळेचं नाव आहे. पुढे तेलुगूत ‘तुरक’, तमिळमध्ये ‘तुलुक्कर’ झालं आणि अर्थ उरला फक्त मुसलमान. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’तला तुर्कही तसाच: वाद घालणारा मुसलमान, अनातोलियाशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या भूमीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

गंमत म्हणजे उस्मानी (ऑटोमन) दरबारात ‘तुर्क’ म्हणजे खेडवळ, अडाणी माणूस. सरदार-दरकदार स्वतःला उस्मानी म्हणवत. 1923 मध्ये प्रजासत्ताक आलं आणि तोच शब्द अभिमानाचा झाला.

रशियनने मात्र चोख सोय केली. तुर्कस्तानचा नागरिक ‘तूरोक’, आणि कझाक, उझबेक, तातार असा तुर्की भाषाकुळातला अख्खा गोतावळा ‘त्यूर्क’. उच्चारात थोडासाच फरक. ब्राझीलमध्ये उलटं: उस्मानी कागदपत्रं घेऊन उतरलेले सीरियन आणि लेबनानी अरबच तिथे ‘तुर्को’ झाले.

1908 मध्ये सुलतानाला राज्यघटना पुन्हा लागू करायला लावणारे ‘तरुण तुर्क’ मराठीत आले ते कायमचे. साठच्या दशकाअखेरीस काँग्रेसमधल्या चंद्रशेखर आणि आपल्या मोहन धारियांनाही हीच पदवी मिळाली.