युरोपात आशियाचं कापड: जुनीच भानगड

युरोपातल्या दुकानात शर्टाचं लेबल उलटून बघितलं की बांगलादेश, चीन, भारत असलं काहीतरी दिसतं आणि लोकांना वाटतं हे सगळं हल्लीचं, स्वस्त मजुरीमुळे झालेलं. पण १७व्या शतकातही हेच चालू होतं, फक्त तेव्हा मजुरीइतकाच रंगही कारण होता. आपलं छापील चीट कितीही धुतलं तरी रंग जायचा नाही, ते युरोपात कुणाला जमत नव्हतं. खरं तर डच आणि इंग्रज आले होते मिरी-जायफळासाठी, इंडोनेशियात मसाल्याच्या बदल्यात गुजरातचं नि कोरोमंडलचं (भारताचा आग्नेय किनारा) कापड चालतं म्हणून ते घ्यायला लागले आणि मग तेच कापड घरी पाठवायला लागले. बदल्यात इकडे खपेल असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं, म्हणून अमेरिकेच्या खाणीतली चांदी भरभरून इकडे यायची.

मग तिकडचे विणकर पेटले. फ्रान्सने १६८६ ला बंदी घातली, इंग्लंडने १७०० ला छापील कापडाची आयात थांबवली, तरी कोरं कापड आणून तिथेच छापायची पळवाट होतीच, म्हणून १७२१ ला छापील सुती कापड वापरायलाच बंदी! आपण शाळेत शिकतो की यंत्रं आली म्हणून मँचेस्टर, म्हणजे इंग्लंडचं गिरण्यांचं शहर, जिंकलं, पण सूत कातायचं यंत्र स्पिनिंग जेनी १७६० च्या दशकातलं आहे हो, दार त्याच्या कितीतरी आधी बंद झालेलं.

पुढचं माहितीचं आहे, तयार कापड तिकडून आणि कच्चा कापूस इकडून. अमेरिकेत यादवी पेटली (१८६१-६५), तिथला कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच बाजार धाडकन कोसळला. आणि मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर १८९६ ला सरकारने काय केलं, तर विलायती कापडावर साडेतीन टक्के ड्यूटी आणि बरोबरी म्हणून गिरणीच्या देशी कापडावरही साडेतीन टक्के. म्हणजे आपल्याच घरात आपल्यालाच टॅक्स.

विसाव्या शतकात पारडं फिरलं, आशियाचं कापड परत तिकडे जायला लागलं, तसा युरोप परत कोट्यावर आला, १९७४ पासून कुठल्या देशाने किती माल पाठवायचा ते ठरवून. १ जानेवारी २००५ ला ते कोटे उठले, चीनचा माल असा काही लोटला की त्याच जूनमध्ये नवी मर्यादा ठरवावी लागली, तीही लगेच भरली आणि कोट्यवधी स्वेटर-पँटी बंदरांवरच अडकून पडल्या. दुकानदारांनीच बोंब ठोकली तेव्हा सप्टेंबरात माल सुटला.