हृदयविकाराचा प्रतिबंध : औषधे व तंबाखूत्याग

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलचे थर साचून होणारा विकार टाळण्याचे, किंवा एकदा झटका येऊन गेल्यावर दुसरा टाळण्याचे उपाय. थर साचायला अनेक वर्षे लागतात. झटका मात्र बहुधा एखादा थर फुटून त्यावर गुठळी धरल्यामुळे अचानक येतो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे) आणि रक्तदाबाच्या गोळ्या प्रामुख्याने पहिल्या, संथ प्रक्रियेला आवर घालतात. धूम्रपान दोन्हींना हातभार लावते. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, दोन बिड्यांनी काय होतंय’ हा नेहमी ऐकू येणारा हिशेब चुकतो.

जोखमीचे घटक वेगळे काढण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावाला जाते. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ रहिवाशांची ठरावीक काळाने तपासणी होत गेली आणि वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा झटक्याशी संबंध हळूहळू स्पष्ट झाला. पुढे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने (२००४) पहिल्या झटक्याची सुमारे नव्वद टक्के जोखीम नऊ घटकांत बसते असे दाखवले. रक्तातील मेदांचे असंतुलन आणि धूम्रपान हे त्यांतले सर्वांत प्रभावी दोन घटक होते.

औषधे : सांक्यो या जपानी कंपनीतील अकिरा एंदो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये पहिले स्टॅटिन शोधले, ते पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून मिळाले. बाजारात आलेले पहिले स्टॅटिन म्हणजे लोव्हास्टॅटिन (१९८७). पण डॉक्टरांची खात्री पटली ती १९९४ मध्ये. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. एलडीएल, म्हणजे वाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे ३९ मिलिग्रॅमने (दर डेसिलिटरमागे) उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एकपंचमांशाने घटतात, असा अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष आहे.

स्टॅटिनने अंग दुखते ही तक्रार फार आढळते. काहींना स्नायूंचा खराखुरा त्रास होतोच, तो डॉक्टरांना सांगायला हवा. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ब्रिटिश चाचणीत, याच त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहिले, तेव्हा त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग बिनऔषधी गोळीनेही उद्भवला. अधिक मोठी अडचण वेगळी आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद करणारे अनेक असतात. पण तो नॉर्मल आलेला असतो गोळीमुळेच.

अ‍ॅस्पिरिनबाबत मत बदलले आहे. झटका आल्यावर ते द्यावे हे १९८८ च्या आयसिस-२ चाचणीने पक्के केले. निरोगी माणसाने खबरदारी म्हणून ते रोज घेण्याचा प्रघात मात्र २०१८ च्या मोठ्या चाचण्यांनंतर ओसरला, कारण फायदा थोडा आणि रक्तस्रावाचा धोका त्याच्या तोडीचा निघाला. शेजाऱ्याला दिली म्हणून ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ सुरू करणे त्यामुळे धोक्याचे ठरते. रक्तदाबाची औषधे तुलनेने निर्वेध आहेत : वरचा रक्तदाब पाच अंकांनी उतरला तरी जोखीम सुमारे दहा टक्क्यांनी घटते. ही सर्व औषधे एकाच गोळीत घालण्याची ‘पॉलिपिल’ ही कल्पना २००३ मध्ये मांडली गेली. तिच्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक भारतात झाली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

तंबाखूत्याग : धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनमधली ऑक्सिजनची जागा बळकावतो, निकोटीनमुळे नाडी व रक्तदाब वाढतो, आणि धुरातली इतर द्रव्ये वाहिन्यांचे अस्तर बिघडवून प्लेटलेट (गुठळी धरणाऱ्या रक्तातील कणिका) चिकट करतात. हा शेवटचा परिणाम थोड्या धुरानेही होतो. म्हणूनच दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याची वाढीव जोखीम वीस ओढणाऱ्याच्या जोखमीचा विसावा भाग नसून जवळजवळ निम्मी असते. ‘कमी केली’ याचे कौतुक हृदयापुरते तरी फारसे करता येत नाही.

सोडल्याचा लाभ लवकर सुरू होतो. कार्बन मोनॉक्साइड एकदोन दिवसांत उतरतो आणि वर्षभरात हृदयविकाराची वाढीव जोखीम निम्म्यावर येते. हृदयविकार जडल्यानंतर सिगारेट सोडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत (१९५१–२००१) तिशीत सोडणाऱ्यांनी साधारण दहा, तर साठीत सोडणाऱ्यांनी तीन वर्षे आयुष्य वाचवले.

सोडण्यासाठीही औषधे आहेत : निकोटीनचे च्युइंगगम व पट्ट्या, ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन. गम साध्या च्युइंगगमसारखे चघळत राहिल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाऊन वाया जाते, शिवाय उचकी आणि मळमळ होते. ते हळू चावायचे, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. आधी पंधरा मिनिटे व ते तोंडात असताना कॉफी, सरबत टाळावे, कारण आम्लामुळे निकोटीन शोषले जात नाही. धुरातील डांबर यकृतात कॅफिनचा निचरा वेगाने करवते. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीतले कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते. पहिल्या आठवड्यातली बेचैनी आणि उडालेली झोप काही अंशी त्यामुळेही असू शकते. वजन वर्षभरात सरासरी चारपाच किलो वाढते. तरीही हृदयाचा फायदा टिकून राहतो.

महाराष्ट्रातले चित्र सिगारेटच्या पाकिटावरून कळत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याची जोखीम सुमारे दुप्पट दिसली होती. तरी डॉक्टरांच्या ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, आणि नोंद तिथेच संपते. तंबाखू सोडण्यासाठी मदत देणारा १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर छापावा लागतो. तव्यावर भाजून घरीच कुटलेल्या मशेरीच्या डबीवर तो नसतो.